करवत घेताय? आधी तिचे दात बघायला शिका

ऊस खाताना आपण काय करतो ते आठवा. दाताने साल धरली आणि ओढली की ती उभी सरसर निघत येते, फारसा जोर लागत नाही, पण त्याच उसाचं आडवं कांडं करायचं म्हटलं की कोयता लागतो, नाहीतर गुडघ्यावर ठेवून मोडावा लागतो आणि मग त्याचे धागे लोंबत राहतात. लाकूड अगदी असंच आहे. झाड उभं वाढतं, त्याचे तंतू उभे असतात, आणि फळी म्हणजे त्या तंतूंची घट्ट बांधलेली मोळी. मोळीच्या लांबीच्या दिशेने चिरणं हे एक काम आणि मोळी आडवी कापणं हे वेगळंच काम, आणि या दोन कामांना दोन वेगळ्या करवती लागतात. एवढं कळलं की दुकानात टांगलेल्या करवतींचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

मला हे उशिरा कळलं. पहिली करवत घेतली तेव्हा दुकानात "चांगली करवत द्या" एवढंच सांगितलं, त्यांनी बारीक दातांची, छान चकचकीत अशी एक दिली, आणि मी घरी येऊन तीन फूट लांब, इंचभर जाड सागवानाची फळी तिने उभी चिरायला घेतली. अर्ध्या तासात जेमतेम दीड वीत गेलो असेन, हात भरून आला आणि चीर रेषेपासून बोटभर बाजूला सरकली. शेजारचे सुतारकाका बघत होते, त्यांनी करवत हातात घेतली, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, ही आडवी कापायची आहे, उभी कशाला चालवतोस?" मग त्यांनी स्वतःची मोठ्या दातांची जुनी करवत आणली आणि उरलेली फळी काही मिनिटांत चिरून दिली. माझी करवत वाईट नव्हती, ते काम तिचं नव्हतं इतकंच. तेव्हापासून कोणी विचारलं की "कुठली करवत घेऊ", तर मी आधी विचारतो की कापायचंय काय आणि कुठल्या दिशेने.

आता दात. उभं चिरायच्या करवतीला इंग्रजीत रिप सॉ म्हणतात, तिचा प्रत्येक दात म्हणजे एक छोटीशी पटाशी, लाकूड तासायची सपाट धारेची छिन्नी, असते. दाताचा पुढचा चेहरा जवळजवळ सरळ उभा असतो आणि टोक सपाट, पटाशीच्या पात्यासारखं. असे एकामागे एक दात एका फटक्यात तंतूंच्या टोकांना खरवडत जातात आणि छोटे छोटे कण, कधी बारीक वळलेले तुकडे बाहेर काढतात. आडवं कापायच्या करवतीचं, म्हणजे क्रॉसकटचं, वेगळं असतं. तिथे दात पटाशी नसून सुरी असतो. दाताची कड कानशीने तिरकी घासलेली असते, एक दात डावीकडून धारदार, पुढचा उजवीकडून, परत डावीकडून, आणि दात थोडा मागे झुकलेला, साधारण 15 अंश. त्यामुळे होतं काय की डावे दात एक रेघ ओढतात, उजवे दात तिला समांतर दुसरी रेघ ओढतात, दोन्हीकडून तंतू तुटतात आणि मधला भाग भुसा होऊन पडतो. कापलेली कड स्वच्छ येते कारण तंतू आधी कापले गेले, मग उपसले गेले.

उलटं केलं तर? रिप करवतीने आडवं कापलं तर पटाशी तंतूंना आडवी धडकते, ते कापले न जाता उचकटले जातात, खालच्या बाजूला तर चांगल्या चिंध्या निघतात. आणि क्रॉसकटने उभं चिरलं तर सुऱ्या तंतूंच्या मधून नुसत्या घसरत राहतात, माल निघतच नाही. माझ्या सागवानाचं तेच झालं होतं.

ओळखायचं कसं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुकानात बऱ्याचदा पाकिटावर काही लिहिलेलं नसतं. विदर्भातल्या करवतकाठी साडीचा काठ बघितला असेल तुम्ही, टसरच्या साडीला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते म्हणूनच ते नाव पडलं, तर त्या काठावर सगळे त्रिकोण एकसारखे, दोन्ही बाजूंनी सारखेच उतरते असतात. खऱ्या करवतीत तसं नसतं. करवत बाजूने धरून बघा, दाताची पुढची बाजू उभी आणि मागची उतरती दिसली तर रिप. दोन्ही बाजूंचा उतार त्यातल्या त्यात सारखा दिसला तर बहुतेक क्रॉसकट. मग दातांची टोकं आपल्याकडे करून उजेडात बघा, टोकं सपाट चौकोनी दिसली तर रिप, आणि सुईसारख्या टोकांच्या दोन वेगळ्या रांगा, मधे नाली, असं दिसलं तर क्रॉसकट. जुनी चाचणी अशी आहे की चांगल्या लावलेल्या क्रॉसकटच्या त्या नालीत शिवायची सुई ठेवली आणि करवत तिरकी केली तर सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत जाते, बाजूला पडत नाही. ज्याला दात नीट जमलेत त्याच्याच करवतीत हे होतं.

आता दातांची संख्या. हे टीपीआय म्हणून लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती दात. काही ठिकाणी पीपीआय लिहितात, म्हणजे एका इंचात किती टोकं, आणि त्यात दोन्ही शेवटची टोकं मोजतात म्हणून तो आकडा एकाने जास्त येतो, 7 टीपीआय म्हणजे 8 पीपीआय. फळ्या उभ्या चिरायच्या करवतीला साधारण 4 ते 7 टोकं असतात, आडव्या कापायच्या करवतीला 8 ते 12, आणि बारीक सांधेकामाच्या करवतींना 14 पासून पुढे 20 पर्यंत. पण आकडा पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण धरून ठेवा. दोन दातांमधली जी खाच असते ती भुसा ठेवायची जागा आहे. दात लाकडात असेपर्यंत भुसा त्या खाचेतच साठतो, तो बाहेर पडतो दात लाकडाच्या पलीकडे निघाल्यावर. जाड लाकडात बारीक दातांची करवत घातली की खाच लगेच भरते आणि पुढचा दात लाकडाला टेकतच नाही, भुशावरच घसरतो, आणि आपल्याला वाटतं करवत बोथट झाली. उलट पातळ पट्टीवर मोठ्या दातांची करवत लावली की एकच दात लाकडात असतो, तो अडकतो, पट्टी उचकटून हातात येते. म्हणून एका वेळी कमीत कमी तीन दात लाकडात हवेत, आणि सहा ते दहा असतील तर काम सगळ्यात मस्त चालतं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पाव इंचाच्या पट्टीला कुठली करवत आणि दोन इंचाच्या चौकटीला कुठली, हे कोणाला विचारावं लागत नाही.

यानंतर येतो सेट, आणि मला वाटतं यावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. करवतीचे दात सरळ रेषेत नसतात, एक किंचित डावीकडे वाकवलेला, पुढचा उजवीकडे. दात असे फाकवलेले नसते तर चीर बरोबर पात्याएवढीच रुंद पडली असती आणि दोन इंच आत गेल्यावर लाकडाने पातं धरून ठेवलं असतं. पातं 0.9 मिलिमीटर जाड असेल तर चीर साधारण 1.3 मिलिमीटरच्या आसपास पडायला हवी, म्हणजे पातं मोकळं खेळतं. आता ओलं लाकूड, समजा ताजा कापलेला आंबा, त्याचे तंतू फुगलेले आणि चिवट, तिथे सेट जास्त लागतो. सुक्या सागवानाला, शिसवीला कमी चालतो. गरजेपेक्षा जास्त सेट असला तर मात्र तोटाच, कारण चीर रुंद म्हणजे तेवढं जास्त लाकूड भुसा करायला हात चालवायचा, शिवाय पात्याला चिरीत सैल जागा मिळते आणि ते भरकटतं. करवत सतत एकाच बाजूला पळत असेल तर तुमच्या हाताला दोष द्यायच्या आधी बघा की त्या बाजूचे दात जास्त फाकलेत का, बऱ्याचदा तेच असतं. जुन्या चांगल्या करवतींमध्ये अजून एक खुबी असते, पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, त्यामुळे कमी सेटमध्येही ती अडकत नाही.

ढकलायची करवत की ओढायची, हा प्रश्न हल्ली खूप येतो कारण जपानी करवती आता ऑनलाइन सहज मिळतात. पायजम्यात नाडी ओवताना नाडी ढकलून चालत नाही, ती गोळा होते, म्हणून पिन लावून पुढून ओढतो, ओढली की सरळ राहते. पात्याचंही तेच आहे. ढकलून कापायची करवत असेल तर पात्यावर दाब येतो, ते वाकू बघतं, म्हणून ते जाड ठेवावं लागतं. ओढून कापायची असेल तर पातं ताणलं जातं, ताणलेलं पातं आपोआप सरळ राहतं, म्हणून जपानी लोक ते 0.3 ते 0.6 मिलिमीटर इतकं पातळ करू शकतात. चीर बारीक पडते, जोर कमी लागतो, नवख्या माणसालाही पहिल्या दिवशी सरळ कापता येतं. र्‍योबा नावाच्या करवतीला तर दोन्ही कडांना दात असतात, एकीकडे रिप, एकीकडे क्रॉसकट, लहान घरात काम करणाऱ्याला एका करवतीत दोन्ही कामं. डोझुकीला पाठीवर कडक पट्टी असते, ती बारीक सांध्यांसाठी. आणि जपानी सुतारही पूर्वापार जमिनीलगत बसून, पायाने लाकूड दाबून काम करतात, आपल्याकडचे सुतारही तसंच बसतात, तेव्हा ओढायची करवत आपल्या बैठकीला परकी नाही.

पण माझं मत विचाराल तर एक धोका आहे. त्या करवती देवदार किंवा सुगी या जपानी झाडासारख्या मऊ लाकडांसाठी वाढल्या, त्यांचे दात उंच आणि नाजूक असतात. सुकलेली बाभूळ, जुना ऐन, गाठ असलेलं सागवान यात घाईने ओढली की दात तुटतात, आणि तुटलेला दात आपल्याला घरी नीट करता येत नाही. पाईन, शिवण, आंबा, प्लायवुड यात बिनधास्त वापरा. जुन्या घराच्या वाशाला मात्र ती लावू नका.

ढकलायच्या करवतीत पातं पातळ हवं असेल तर त्याच्या पाठीवर पितळेची किंवा लोखंडाची जड पट्टी बसवतात, ती टेनन सॉ. कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ, करायला हीच. कुसवाच्या गालांचा, म्हणजे त्या जिभेच्या रुंद बाजूंचा, काप उभा असतो आणि खांद्याचा आडवा, त्यामुळे खरं तर दोन वेगळ्या टेनन सॉ असाव्यात, एक रिप एक क्रॉसकट, पण दात 14 च्या पुढे बारीक झाले की फरक कमी होत जातो आणि रिपच दोन्हीकडे चालून जाते. पट्टीमुळे ती ठरावीक खोलीपर्यंतच जाते हे लक्षात ठेवा, तिने फळी दोन तुकडे करायला जाऊ नका. याशिवाय गोलाई कापायला कोपिंग सॉ, बारीक पात्याची, धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली, आणि मधेच भोक पाडून आतून कापायला निमुळत्या टोकाची की-होल सॉ, यांची गरज पडेल तेव्हा घ्या, आधी नको.

आता दुकानात गेल्यावर खरा फाटा कुठे फुटतो तर धार लावता येणारी करवत आणि न येणारी. हल्ली प्लास्टिकच्या मुठीच्या बहुतेक करवतींच्या दातांची टोकं काळपट-निळसर दिसतात. ती टोकं विजेने क्षणभर तापवून कडक केलेली असतात, इतकी कडक की कानस त्यांच्यावरून घसरते, कापत नाही. या करवती खूप दिवस धारदार राहतात, दात तीन बाजूंनी घासलेले असल्यामुळे उभं-आडवं दोन्ही बरं कापतात, पण बोथट झाल्या की संपल्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही, प्लायवुड आणि एमडीएफ कापायला मी तीच वापरतो, कारण त्यातला गोंद साध्या दातांची धार बघता बघता खातो. सागवानही दिसायला मऊ असलं तरी त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, त्यामुळे सागवानावर धार लवकर जाते. म्हणजे ज्याला मुख्य काम सागवानात करायचंय त्याने एकतर करवती बदलत राहायच्या नाहीतर धार लावायला शिकायचं. मी शिकलो, आणि मनापासून सांगतो की शिकण्यासारखं आहे.

लागतं काय तर तीन कोनी कानस. तिचे कोपरे 60 अंशाचे असतात आणि म्हणून दातांमधली खाचही 60 अंशाची, एका घासण्यात एका दाताची पाठ आणि पुढच्या दाताचा चेहरा दोन्ही होतात. कानशीची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त हवी, म्हणजे कानस फिरवून तिन्ही कोपरे सारखे वापरता येतात. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये करवत घट्ट धरा, दात जेमतेम वर दिसतील इतके. आधी सपाट कानस टोकांवरून एक-दोनदा हलकी फिरवा, सगळी टोकं एका उंचीला येतात आणि प्रत्येकावर एक छोटा चमकता ठिपका दिसतो. ती चमक म्हणजेच बोथटपणा, सपाट जागेवरून उजेड परततो म्हणून ती दिसते, धार परतवत नाही. आता प्रत्येक खाचेत कानस पुढे ढकलत दोन-तीन वेळा घासा, चमक गेली की थांबा, त्यापुढे एकही घास नको, नाहीतर तो दात बाकीच्यांपेक्षा बुटका होतो. सुरुवात रिपपासून करा, तिथे कानस पात्याला काटकोनात सरळ चालवायची असते. क्रॉसकटला ती तिरकी धरावी लागते, एक खाच सोडून एक, मग करवत फिरवून उरलेल्या खाचा, ते दुसऱ्या टप्प्यात. सेट दरवेळी द्यावा लागत नाही, चार-पाच वेळा घासल्यावर एकदा, आणि तो दाताच्या वरच्या अर्ध्या भागालाच द्यायचा, मुळापासून वाकवला तर दात तुटतो.

म्हणून मला जुन्या करवती आवडतात. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो तिथे, किंवा एखाद्या गावातल्या बंद पडलेल्या सुतारशाळेत, लाकडी मुठीची गंजलेली करवत दिसली तर सोडू नका. इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असेल, किंवा फिलाडेल्फियात हेन्री डिस्टनने 1840 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा, तर पोलाद चांगलंच निघायची शक्यता आहे, पण शिक्का नसला तरी पातं बघून ठरवता येतं. टोकापासून मुठीपर्यंत एक डोळा मिटून दातांच्या रेषेत बघा, पातं सरळ आहे ना. मग टोक धरून पातं कमानीसारखं वाकवा आणि सोडा, चांगलं पाणी दिलेलं पोलाद झटकन परत सरळ होतं, वाकलेलं राहिलं तर ठेवून द्या. वरवरचा गंज चालतो, खड्डे पडलेला गंज दातांजवळ असेल तर नको, कारण नवी धार त्या खड्ड्यातच जाईल. दात बोथट, तुटके, वाकडे असले तर घाबरू नका, ते परत काढता येतात. आणि मूठ हातात धरून बघा, तीन बोटं आत, अंगठा मागे आणि पहिलं बोट पुढे पात्याच्या दिशेने, असं धरल्यावर हात आवळला जात नसेल तर ती तुमची.

एकच करवत घ्यायची असेल आणि घरचं किरकोळ काम असेल, प्लायवुडची फळी, पडद्याचा दांडा, तर 20-22 इंची कडक दातांची, 8-9 टीपीआयची घ्या. खरंच लाकूडकाम शिकायचं असेल तर दोन घ्या, धार लावता येणारी 26 इंची रिप आणि बारीक दातांची एक टेनन सॉ, आणि आडवं कापायला ती वरची कडक दातांची चालेल.

चालवताना काही गोष्टी जपा. रेषा शक्यतो पेन्सिलने न मारता सुरीने मारा, गुण्या लावून, त्यात तंतू आधीच कापले जातात आणि कड स्वच्छ येते. काप रेषेवर नको, टाकाऊ बाजूला, कारण चिरीलाही जाडी आहे. अंगठ्याचा आधार देऊन सुरुवातीला करवत एक-दोनदा उलट्या दिशेने हलकी फिरवून खाच पाडा आणि मग पूर्ण लांबीने चालवा, टोकाचे चारच दात झिजवू नका. आडवं कापताना करवत लाकडाशी साधारण 45 अंशात, उभं चिरताना 60 अंशात. कोपर, मनगट आणि करवत एका रेषेत. खाली दाबू नका, करवतीचं स्वतःचं वजन पुरतं, दाबावं लागतंय म्हणजे धार गेलीय. लांब फळी चिरताना मागची चीर मिटायला लागली तर तिच्यात छोटी पाचर ठोका, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा, फरक लगेच हाताला कळतो. शेवटच्या इंचात वेग कमी करा आणि सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडतो आणि चांगल्या बाजूची कपची घेऊन जातो.

आणि पावसाळा. कोकणात तर एका रात्रीत पात्यावर लाल ठिपके येतात. काम झालं की भुसा झटकून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा, खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि भुसा धरतं. दातांवर बागेच्या जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून बसवा, आणि करवत भिंतीला टेकवून न ठेवता मुठीने खिळ्याला टांगा.